पाय बघणारे तावडेकाका

कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात पद्माकर तावड्यांनी पाहिला नाही असा पाय शिल्लक नव्हता. एकशे चाळीस मेंबर, म्हणजे दोनशे ऐंशी पाय. त्यातले सेक्रेटरी डॉक्टर माधव टिपणीस यांचे दोन वगळा. ते हार्ट स्पेशालिस्ट, त्यांचे पाय तसेही जमिनीला फारसे लागायचे नाहीत. बाकीचे सगळे कधी ना कधी तावडेकाकांच्या मांडीवर येऊन गेलेले. कुणाची टाच भेगाळलेली, कुणाच्या बोटांना थंडीची खाज, कुणाचं नख आत शिरलेलं. काका चष्मा कपाळावर चढवायचे, पाय उलटासुलटा करून बघायचे, बोटांच्या फटीत फुंकर मारायचे आणि विचारायचे, "मोजे पूर्ण वाळवता, का रेडिएटरवरनं अर्धे ओलेच ओढून घालता?"

समोरचा पाय मागे ओढायचा. म्हणजे अर्धे ओलेच.

सुलक्षणाबाई रेग्यांच्या तर घरातच हाडांचे सर्जन. नवऱ्याने तीन वर्षं त्यांच्या गुडघ्याचे एक्स-रे काढले, शेवटी ऑपरेशनची भाषा सुरू केली. काकांनी गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंचा बूट काढून उलटा धरला. टाच एका बाजूने पार झिजलेली. "गुडघा ठणठणीत आहे हो, बूट बदला." बूट बदलले, दुखणं पळालं. तेव्हापासून सुलक्षणाबाई चारचौघांत सांगायच्या, "डॉक्टर असावा तर मिलिटरीतला! आमच्याकडचे नुसते सुरी परजत बसतात."

आता गंमत अशी, की तावडेकाका डॉक्टर नव्हतेच.

दोष मोदकाचा, असं ते स्वतः म्हणायचे. साल एक्याऐंशी. काकांची बायको वारलेली, नोकरी संपलेली, आणि कॉव्हेंट्रीत मुलाला मुलगी झालेली. मुलगा चंद्रशेखर इथे हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डाचा डॉक्टर, सून उल्का नर्स. काका आले ते एक वळकटी, एक स्वेटर आणि तान्ह्या रश्मीसाठी वाळा घेऊन. तिसऱ्याच आठवड्यात गणपती. मंडळाने एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. काकांनी अख्खा मोदक तोंडात टाकला आणि नेमक्या त्याच क्षणी सुलक्षणाबाईंनी विचारलं, "काय हो, तुम्ही पण मेडिकललाच का?"

त्या हॉलमध्ये हा प्रश्न म्हणजे 'जेवलात का' विचारण्यासारखा. तिथे जो तो डॉक्टर. जो डॉक्टर नाही तो डॉक्टरची बायको, आणि जी डॉक्टरची बायको नाही ती बहुतेक रस्ता चुकून आलेली.

काकांनी मान हलवली. "आर्मी मेडिकल," एवढं मोदकातून बाहेर आलं. पुढे म्हणायचं होतं, 'कोअर. नर्सिंग सिपाही, मग नाईक, मग हवालदार. बेडपॅन, बँडेज, स्ट्रेचर.' पण सारण टाळूला चिकटलं. ते गिळेपर्यंत सुलक्षणाबाईंनी अर्ध्या हॉलला सांगून टाकलं होतं, "चंद्रशेखरचे फादर आर्मी डॉक्टर आहेत बरं का! महायुद्धातले! मेडल आहे!" मेडलचं चंद्रशेखरनेच आधी कधीतरी बोलून ठेवलेलं. कुणीतरी धावत गेलं आणि हेडमास्तरांच्या खोलीतली हातांची, गादीची खुर्ची घेऊन आलं. बाकी सगळे प्लॅस्टिकच्या घडीच्या खुर्च्यांवर. काका बसले. बसले ते बसलेच.

घरी जाताना गाडीत म्हणाले, "चंदू, अरे, ते लोक मला डॉक्टर समजतायत."

चंद्रशेखर पुढे बघत म्हणाला, "राहू दे ना बाबा. कुणाचं काय जातंय?" त्याची स्वतःची प्रमोशनं चार वर्षं अडकलेली. बाप तरी मोठा झाला तर त्याला हवाच होता.

गाडी उल्का चालवत होती. तिने आरशातून सासऱ्यांकडे एकदा बघितलं, आणि गिअर बदलला.

काकांचं सैन्यात जाणंसुद्धा असंच. ते सांगायचे, ऐकणाऱ्याची हसून पुरेवाट व्हायची. राजापूरचा एकोणीस वर्षांचा पोरगा, मराठी सातवी पास, अक्षर सुरेख. बेचाळीस साली रत्नागिरीला कारकुनाची भरती आहे म्हणून गेला. तिथे दोन रांगा. एक लांबलचक, एक आखूड. "मी मुळात आळशी. आखूड रांगेत उभा राहिलो. ती निघाली हॉस्पिटल कोअरची. टेबलावरच्या साहेबाने विचारलं, रक्त बघून चक्कर येते का? मी म्हटलं, माहीत नाही, अजून बघितलं नाही. तो म्हणाला, शाब्बास, सही कर."

पहिलं रक्त बघितल्यावर चक्कर आलीच. त्यांचं शिक्षण चाललं होतं त्या बराकीत तीन दिवसांत चार वेळा आडवे झाले. तिथल्या सुभेदाराने त्यांना पाय तपासायच्या कामावर टाकलं, कारण पायात रक्त कमी दिसतं. फौजेत पाय म्हणजे बंदुकीइतकी मोलाची चीज. रोज संध्याकाळी पलटण ओळीने बसायची आणि पद्माकर तावडे शंभर-दीडशे पाय बघायचे. "माझ्या नाकाचं आयुष्य तिथेच संपलं. म्हणून तर तुमचं विलायती चीज मला आवडतं."

आणि मग इटली. आणि ते मेडल.

मेडलची गोष्ट काका दर गणपतीला सांगत आणि दर वर्षी ती आणखी रंगायची. मूळ गोष्ट एवढीच. चव्वेचाळीसचा हिवाळा, चिखल मांडीपर्यंत, मराठा पलटण एका नदीपाशी अडकलेली. नदीचं नाव काकांना धड म्हणता यायचं नाही, ते तिला 'ती बया' म्हणत. मागे एका शेतघरात मलमपट्टीचं ठाणं. एके सकाळी जर्मनांनी तोफा सुरू केल्या. हुकूम आला, मागे सरा. "सगळे मागे पळाले. मीही पळालो. पण धूर एवढा, आणि मला दिशा कळते म्हशीइतकी. पळत सुटलो ते सरळ जर्मनांकडे! एका चरात पडलो, तर खाली आपलाच एक जवान जखमी होऊन पडलेला. म्हटलं, आता रिकाम्या हाताने परत कसं जायचं? लोक काय म्हणतील? म्हणून त्याला पाठीवर घेतलं आणि आलो. मेजरसाहेबाला वाटलं मी त्याला आणायलाच गेलो होतो. मी कशाला त्याचा गैरसमज दूर करतोय!"

हॉल हसून लोळायचा. काका पण हसायचे, गुडघ्यावर थाप मारत. उजव्या हाताने. डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही. लहानपणी काजूच्या झाडावरून पडलो, म्हणायचे. चंद्रशेखर डॉक्टर होऊन वीस वर्षं झाली, तरी त्याने काजूचं झाड पत्करलेलं होतं.

युद्ध संपलं, काका कोल्हापूरच्या एका सरकारी इस्पितळात ड्रेसर म्हणून लागले आणि पस्तीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या. त्यावर पोराला डॉक्टर केलं. मेडल, ते राजाचं तोंड असलेलं चांदीचं, पायाला लावायच्या पावडरच्या डब्यात ठेवलेलं. "राजाला घाम आला तर बरं."

असं सगळं सुखाचं चाललेलं असताना पंच्याण्णव साल उजाडलं. महायुद्ध संपून पन्नास वर्षं. टीव्हीवर रोज म्हातारे छाती भरून मेडलं लावून चालताना दिसायला लागले. तेव्हा माधव टिपणिसांच्या डोक्यात आलं, की आपल्याकडेही एक आहे की!

जुलैत टिपणिसांच्या घरी मीटिंग झाली. काकांना खास खुर्ची. टिपणिसांनी फाइल उघडली. "तर यंदा गणपतीत डॉक्टरकाकांचा सत्कार. शाल, श्रीफळ. नारळ आपला वेम्बलीहून येईल, इथले आतून कुजके निघतात. मानपत्र मी लिहितो. कॅप्टन डॉक्टर पद्माकर तावडे, असं."

काकांच्या घशात चहा अडकला. कॅप्टन कधी झालो? प्रमोशन झालं आणि कळवलं पण नाही!

"आणि उल्कावहिनी," टिपणीस पुढे म्हणाले, "तुम्ही चहाच्या ट्रेचं बघा. वॉर्डात ट्रेची सवयच आहे तुम्हाला. बेडपॅन काय आणि ट्रे काय, ते डिपार्टमेंट आम्ही नर्सेसवर सोडतो!"

हसले सगळे. काही वाईट मनाने नाही, तशी पद्धतच होती. उल्का सिस्टर होती, अख्खा वॉर्ड सांभाळायची, पण मंडळात चौदा वर्षं ती ट्रे सांभाळत होती. तीही थोडं हसली आणि कप गोळा करायला उठली.

काका मऊ खुर्चीत बसून राहिले. त्यांना अचानक गादी टोचायला लागली.

तेवढ्यात टिपणिसांनी बॉम्ब टाकला. "शिवाय मी लंडनला सरकारी दफ्तरखान्याला लिहिलंय. मेडल देताना साहेब लोक वरती शिफारस पाठवायचे, त्याची कॉपी मिळते. ती आली की स्टेजवर वाचू. आपली रश्मी वाचेल, तिचं इंग्लिश एकदम अस्सल."

इटलीत तोफा सुरू झाल्या तेव्हा काकांना एवढा घाम फुटला नव्हता. त्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असणार: नर्सिंग हवालदार.

त्या रात्री ते झोपले नाहीत आणि सकाळी त्यांनी मोहीम आखली. टिपणिसांचं टपाल दहाच्या सुमाराला दाराच्या फटीतून आत पडायचं. नवरा-बायको कामावर. घरी फक्त टिपणिसांच्या आई, वय ब्याऐंशी, टाचांना भेगा. काका दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दारात हजर. "म्हटलं, टाच बघावी."

तिसऱ्या दिवशीही टाच बघावी. चौथ्याही. रोज दोन बस बदलून. म्हातारी खूश. "माधव एवढा मोठा डॉक्टर, पण कधी पायाला हात लावला नाही हो! तुम्ही देवमाणूस." देवमाणूस एका हाताने व्हॅसलीन चोळतोय आणि मान वळवून दाराकडे बघतोय. पोस्टमनची पावलं वाजली की हा उठलाच! "मी आणतो, मी आणतो, तुम्ही पाय खाली ठेवू नका." बाराव्या दिवशी म्हातारीच्या टाचा तान्ह्या बाळासारख्या झाल्या आणि एक लांबट तपकिरी पाकीट आलं. वर सरकारी शिक्का.

काकांनी ते कोटाच्या आत सरकवलं. बहात्तराव्या वर्षी टपालचोरी, आणि तीही राणीच्या देशात. बसमध्ये प्रत्येक युनिफॉर्मवाला त्यांना पोलीस वाटत होता, त्यात तिकीट तपासणारा सरदारजीही आला. घरी आल्यावर पाकीट उघडायचा धीर होईना आणि फाडून टाकायचाही होईना. शेवटी गादीखाली सरकवलं आणि वरून चादर ओढली.

इथेच फसले.

कारण असं, की तावडेकाका पहाटे उठून आपला बिछाना करायचे. आणि बिछाना म्हणजे काय, चादरीवर एक सुरकुती नाही, पायथ्याचे दोन्ही कोपरे दुमडून घट्ट खोचलेले, पोस्टाच्या पार्सलसारखे. त्याशिवाय त्यांना चहा जायचा नाही. दुसऱ्या दिवशी उल्का त्यांचे धुतलेले कपडे ठेवायला खोलीत आली. काका खिडकीपाशी पेपर उलटा धरून वाचत होते.

"बाबा, आज कोपरा चुकला."

"कुठला कोपरा?"

"पायथ्याचा डावा. चौदा वर्षांत पहिल्यांदा." ती वाकली, गादी उचलली, पाकीट काढलं. वरचं नाव वाचलं. "हे तर टिपणिसांचं."

"आलं इकडे. चुकून."

"चुकून गादीखाली आलं?"

काका पेपर सरळ करायला लागले. उल्का पलंगाच्या कडेवर बसली, पाकीट मांडीवर. "एक विचारू? कुठल्या मेडिकल कॉलेजात डॉक्टरांना चादरीचे कोपरे शिकवतात?"

काकांनी पेपर बाजूला ठेवला.

"डॉक्टर नाही हे तू गाडीत ऐकलंस. पण नर्स होतो, हे कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हे कोपरे येईनात म्हणून मी मिरजेला नर्सिंग शिकताना मेट्रनच्या शिव्या खाल्ल्यात. शिवाय तुम्ही ट्रे घेऊन येता ना, तेव्हा दार पाठीने ढकलता. डॉक्टर दारापाशी उभे राहतात, कुणीतरी उघडेल म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." ती पाकिटाची कड बोटाने सरळ करत राहिली. "त्या दिवशी ट्रेवरून हसले सगळे, तेव्हा मला वाटलं, आता तरी बाबा बोलतील. म्हणतील, मी पण त्याच डिपार्टमेंटचा."

काकांना एकही विनोद सुचला नाही. त्यांच्या बाबतीत हे म्हणजे थर्मामीटर लावावा इतकं गंभीर. सुनेसमोर बसलेला माणूस डॉक्टर नव्हता याची तिला लाज नव्हती. तो नर्स होता हे त्याने लपवलं, याची होती. चौदा वर्षं तिच्याच कामाची लाज धरून तो मऊ खुर्चीत बसला होता आणि तिने आणलेला चहा पीत होता.

मग ते म्हणाले, "फोडून बघू का, काय लिहिलंय ते?"

"दुसऱ्याचं टपाल आहे, बाबा."

"मग असू दे तसंच. मी नेतो शनिवारी. तिथेच फोडू." आणि मग थोडं घाबरून, "उल्का, चंदूचं नाक कापलं जाईल गं."

"जोडतील. हॉल भरून सर्जन आहेत."

गणपतीचा शनिवार. शाळेच्या केअरटेकरने कापूर लावायला बंदी केलेली, अलार्म वाजतो म्हणून. त्यामुळे आरती बॅटरीच्या दिव्यांवर. स्टेजवर हेडमास्तरांची खुर्ची, मागे कागदी अक्षरांत 'कॅप्टन डॉक्टर'. काकांनी जुना सूट घातलेला, छातीवर मेडल, त्याला पावडरीचा वास. रश्मी शेजारी उभी. पोरगी कॉव्हेंट्रीत वाढलेली, मराठी बोलायची ती सगळी व्याकरणाला टांग मारून.

"आजोबा, तुम्ही घाबरलीय का?"

"घाबरलीय गं बाई, चांगलीच घाबरलीय."

शाल झाली, वेम्बलीचा नारळ झाला. टिपणीस माइकवर म्हणाले, दफ्तरखान्याचं पत्र दुर्दैवाने अजून आलं नाही, ब्रिटिश सरकारचा कारभार पूर्वीसारखा राहिला नाही. काका उठले, त्यांच्या हातातून माइक घेतला.

"सरकारचा कारभार चांगला आहे. पत्र आलं होतं. मी चोरलं."

हॉल हसला. काकांचं नेहमीचं सुरू झालं!

"हसू नका. टिपणिसांच्या आईंना विचारा, बारा दिवस त्यांच्या टाचा चोळल्या ते काय प्रेमाने? हे बघा पाकीट." त्यांनी ते वर धरलं. उजव्या हाताने. "चोरलं, कारण यात माझा हुद्दा लिहिलाय. तो कॅप्टन नाही. डॉक्टर पण नाही. मी नर्सिंग हवालदार होतो. बेडपॅन धुतले, पाय तपासले, चादरी घातल्या. नंतर कोल्हापुरात पस्तीस वर्षं ड्रेसर. तुमच्यातल्या कुणीही मला हॉस्पिटलात बघितलं असतं तर म्हणाला असता, ए, जरा कापूस आण. एक्याऐंशी साली सांगणार होतो, पण तोंडात मोदक होता. मोदक गिळायला अर्धं मिनिट लागलं, खुर्चीतून उठायला चौदा वर्षं."

या वेळी कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत चंद्रशेखर बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. टिपणिसांचा चेहरा न उकडलेल्या मोदकासारखा झाला.

"आणि ट्रेचं डिपार्टमेंट माझं आहे," काका म्हणाले. "माझं आणि माझ्या सुनेचं. ती सिस्टर आहे. मी तिला सॅल्यूट ठोकायला हवा होता, तर तिच्या हातचा चहा पीत बसलो. झालं. आता रश्मी वाचेल. काय लिहिलंय मलाही माहीत नाही, मला फक्त मेडल दिलं, कागद नाही दाखवला. बहुतेक लिहिलं असेल, सिपाही दिशाहीन आहे."

रश्मीने पाकीट फोडलं. अस्सल कॉव्हेंट्रीच्या इंग्लिशमध्ये वाचायला लागली. वरती हुद्दा होताच, नर्सिंग हवालदार. मग तारीख, मग त्या बयेचं नाव, आणि मग मेजरसाहेबाने लिहिलेलं. ठाण्याला मागे सरण्याचा हुकूम झाला असताना हा हवालदार कुणी न सांगता पुढे गेला. शत्रूच्या डोळ्यांदेखत चारशे यार्ड उघड्या शेतातून जाऊन त्याने एका जखमीला पाठीवर आणलं. मग पुन्हा गेला. असा तो सात वेळा गेला आणि सात जणांना आणलं. सातव्या खेपेला त्याच्या डाव्या खांद्यात गोळ्याचा तुकडा घुसला. तरी सातही जणांच्या पट्ट्या पूर्ण होईपर्यंत त्याने स्वतःची जखम कुणाला पाहू दिली नाही.

रश्मीने कागद खाली केला. हॉलमध्ये एवढी शांतता, की केअरटेकर दारातून डोकावला, अलार्म बिघडला की काय म्हणून.

मागच्या दारातून उल्का आली होती. हातात ट्रे, दार पाठीने ढकललेलं. ती तिथूनच म्हणाली, "बाबा. एकदा माणूस दिशा चुकतो, मान्य. सात वेळा?"

काका माइकसमोर खांदे पाडून उभे. चोरी खरी तर आत्ता पकडली गेली होती. "म्हणजे काय आहे," ते म्हणाले, "एकदा चुकल्यावर तो रस्ता पाठ झाला होता."

हॉल फुटला. हसणं आणि टाळ्या एकदम. चंद्रशेखर उठून स्टेजवर आला, त्याने बापाच्या डाव्या खांद्याला हात लावला, जन्मात पहिल्यांदा डॉक्टरसारखा, आणि विचारलं, "आणि काजूचं झाड, बाबा?"

"झाड होतं रे. पडलो मात्र नव्हतो."

हसली नाही ती फक्त उल्का. गडबड ओसरल्यावर काका तिच्यामागे किचनमध्ये गेले, शाल सावरत, नारळ काखेत. ती कप मांडत होती. ते बशा पुसायला लागले.

"एवढं खरं होतं, तर चुकून झालं असं का सांगत आलात?" तिने वर न बघता विचारलं.

काकांनी एक बशी पुसली. दुसरी पुसली. "सात वेळा रस्ता पाठ होता. आठव्या वेळेला खरंच विसरलो." बशी त्यांनी दिव्याकडे धरून बघितली. "तो आठवा जवान हाका मारत होता गं. खांद्यामुळे उचलता आला नसता, असं मेजर म्हणाला. म्हणाला खरं. पण मी गेलोच नाही. मग सगळंच चुकून झालं म्हटलेलं बरं वाटायचं."

उल्काने त्यांच्या हातातली बशी घेतली, ती केव्हाच कोरडी झाली होती. ती ट्रेमध्ये मांडली आणि पुढची ओली बशी त्यांच्या हातात दिली. नर्सला कळतं, कुठे औषध लावायचं आणि कुठे नुसतं झाकायचं.

दोघं ट्रे घेऊन बाहेर आले तर स्टेजवर हेडमास्तरांची खुर्ची रिकामी होती. कुणी बसायला धजत नव्हतं. काकांनी उल्काच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि मानेने खुर्ची दाखवली. "सिस्टर, बसा."

"बाबा, काहीतरीच काय..."

"हवालदाराचं ऐकायचं नसेल तर सासऱ्याचं ऐक."

ती बसली. अवघडून, कडेकडेला, पण बसली. रश्मी ओरडली, "मम्मी, तू क्वीनसारखा दिसते!" काकांनी पहिला कप तिला दिला आणि मग रांगेने निघाले. सुलक्षणाबाईंनी कप घेताना त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे डॉक्टर नव्हताच तुम्ही?"

"नव्हतो."

"आणि माझा गुडघा?"

"तो बरा झाला ना?"

"झाला."

"मग बिस्किट घ्या."

सगळ्यात शेवटी टिपणीस राहिले होते, एकटे, कोपऱ्यात, मानपत्राची गुंडाळी हातात घेऊन. काका ट्रे घेऊन समोर गेले. टिपणिसांनी कप घेतला नाही. इकडेतिकडे बघितलं, प्लॅस्टिकच्या एका खुर्चीवर बसले, आणि मागच्या चौदा वर्षांत कुणी बघितलं नव्हतं ते केलं. डावा बूट काढला. मग मोजा.

"अंगठा," ते पुटपुटले. "तीन महिने झाले. कुणाला दाखवायची लाज वाटत होती."

नख पार आत गेलेलं, कड लाल सुजलेली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, फुंकर मारली. मोजा बोटांनी दाबून बघितला. अर्धा ओला.

"हं," ते म्हणाले. मग खुर्चीकडे वळून मोठ्याने हाक मारली, "सिस्टर! जरा या हो इकडे. पेशंट मोठा आहे, मला परमिशन लागेल."

उल्का कप हातात घेऊन आली, वाकून बघितलं. "कोमट मिठाच्या पाण्यात सकाळ-संध्याकाळ. नख सरळ कापायचं, कोपरे गोल करायचे नाहीत." आणि टिपणिसांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आणि कोपऱ्यांचं काही अडलं, तर आमच्या हवालदारांना विचारा. त्यातले तज्ज्ञ ते."